वाटाण्याच्या अक्षता

रबाळ्याच्या कंपनीने ह्यांना नोव्हेंबरात
वाटाण्याच्या अक्षता लावल्या.
एक पाकीट, तीन सह्या,
आणि गेटवरच्या वॉचमनने उगाच ठोकलेला सलाम.

घरी आल्यावर मी डबा घासला.
दुसरं काय करणार?
मग कॅलेंडरच्या पाठीवर उभी रेघ मारली,
डावीकडे येणं, उजवीकडे जाणं.
डावी बाजू इतकी स्वच्छ
की रांगोळी काढून घ्यावी.

दूध अर्ध्या लिटरवर आलं.
दोडक्याच्या शिरांची चटणी, कोथिंबिरीच्या देठांचीही.
ह्यांच्या कंपनीच्या शर्टाचं फडकं झालं,
बटणं आधी काढून डबीत ठेवली.
भाजीवालीला वाटाण्याचा भाव विचारला
आणि मिरच्या घेऊन परतले.

डब्याच्या तळाशी मूठभर कोरडा वाटाणा होता,
उसळीला न पुरणारा.
पाचगणीची मामी फोनवर हसली,
"अगं, त्याला थंडी लागते.
तुमच्या कोपरखैरण्यात कुठली थंडी?"

खरंच आहे. इथली थंडी
चपला न काढता दारातूनच बोलणारी पाहुणी.
पारसिकच्या डोंगरावरून पहाटे उतरते,
नऊच्या आत खाडीकडे निघूनही जाते.
तेवढ्यात गाठायचं तिला.

रंगाच्या दोन बादल्या,
बुडाला तापल्या सुरीने पाडलेली भोकं.
माती दिली तळमजल्यावरच्या गोमा मढवींनी.
ही बिल्डिंग त्यांच्या वडलांच्या भातखाचरावर उभी आहे,
ते सांगतात, पण तक्रार केल्यासारखं नाही,
कुणाचा पत्ता सांगावा तसं.
माती देताना म्हणाले,
"वाटाना? ह्ये गो काय खूळ! वाल लाव, वाल!"

पहिली मूठ मी बुडवून मारली.
माया जरा जास्त झाली, पाणीही.
चार दिवसांनी उकरलं तर नुसता आंबूस वास.
उरलेले चाळीस दाणे रात्रभर भिजवले,
बोटाच्या दोन पेरांवर एकेक.
अठरा उगवले.
सात कबुतरांनी नेले.

दुपारी उन्हाकडे ओलं गोणपाट टांगायचं,
तांदळाचं धुवण मडक्यात गार करून
चमच्याने घालायचं.
थंडी उसनी आणायची,
साखर आणतो तशी, वाटीभर.

हे तेव्हा भिंतीकडे बघत बसायचे.
पेपर उलटा धरला तरी चाललं असतं.
एका दुपारी उठले, काही न बोलता.
जुनी मच्छरदाणी काढली, झाडूच्या काड्या काढल्या,
माळ्यावरून तार आणली.
सव्वीस वर्षं मशिनी बसवणारा माणूस
वाटाण्याच्या वेलासाठी
ओळंबा लावून बघत होता.
"अर्धा सूत कललंय," म्हणाले.
महिन्याभरातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य.

वेलाने पहिली तार धरली त्या सकाळी
आम्ही दोघांनी एकाच कपातला चहा घेतला.
काटकसर म्हणून नव्हे,
दुसरा कप घासायला आत कोण जाणार.

पांढरी फुलं आली, जानेवारी सरता सरता.
मग शेंगा. एकोणीस.
त्यातल्या दोन पोकळ, जत्रेतल्या पाकिटासारख्या.
फेब्रुवारीच्या एका कडक दुपारी
वेल उभे होते तसेच वाळले.
पाहुणी गेली होती.

रविवारी पोह्यांत घातले.
एक वाटी खाली दिली. गोमाकाकांनी चावून, थांबून
निकाल दिला, "वाल बरा."
दोन शेंगा वेलावरच सुकू दिल्या होत्या,
त्यांचे नऊ दाणे बटणांच्या डबीत गेले.

रात्री कॅलेंडर काढलं.
डावीकडे, येण्याच्या बाजूला,
पहिल्यांदा काहीतरी लिहिलं:
वाटाणे, नग त्र्याहत्तर.

ह्यांनी पेन्सिल मागितली.
चौऱ्याहत्तर केलं.
"एक शेगडीखाली घरंगळलाय," म्हणाले,
आणि बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसले.