तिसऱ्या मजल्यावरचा कूलर

मार्च सरता सरता आमच्या मानेवाड्यात
कूलर जिने चढू लागतात.
हेडाऊबाईंचा जुना, लोखंडी;
मिस्टरांनी कॉटन मार्केटामागे
वजन करून घेतलेला,
तेव्हा जड म्हणजे टिकाऊ असा हिशेब होता.

वरून धरलं सारडाजींनी आणि डॉक्टर बोकड्यांनी,
खालून टेंभुर्णे सर आणि वॉचमन उईके.
मी मागून, हातात वाळ्याच्या तीन जाळ्या.
त्यांचं वजन सांगण्यासारखं नाही.

पहिल्या मजल्यापर्यंत कोणी बोललं नाही.
मग सारडाजी, "कर वाढून राहिला म्हणते वरच्या स्लॅबचा.
कमावणाऱ्यानं कमवावंच नाही काय?
मागच्या साली भरला, तेवढ्यात एक ट्रक आला असता."
"आहेत किती?" सर खालून.
"सात."
"अन् सातही चालतात कोणाच्या रस्त्यावर?"

डॉक्टरांचं मत, सगळ्यांनीच भरावा,
सव्वा रुपया का होईना,
म्हणजे हिशेब मागायची सवय लागते.
डॉक्टर पावती देत नाहीत.
मी विषय काढला नाही,
माझ्या मुलीचा ताप त्यांच्याच गोळीनं उतरतो.

माझा कर माझ्याआधी पगाराला भेटतो.
मी पोचेपर्यंत त्याचा चहा झालेला असतो,
मला बशीतला मिळतो.

दुसऱ्या वळणावर कूलर अडला.
कठड्याला घासून रंगाचा पापुद्रा गेला.
सर फिजिक्सचे. धापा टाकत म्हणाले,
"सपाट जमिनीवर चौघांना सारखं.
जिन्यावर खालच्याला जास्त येते,
अन् वरचा म्हणते, मीच ओढून राहिलो."
"ओढूनच राहिलो ना, राजेहो!"
सारडाजींच्या चारी बोटांवर
पत्र्याची लाल रेघ उमटली होती.
मी पाहिली ती. खोटं कशाला बोलू.

उईके गप्प.
त्याचं उत्पन्न कुठल्याच रकान्यात बसत नाही.
मोबाइलचा रिचार्ज, साबणाची वडी, पायातली चप्पल,
तिथं तो भरतो, आणि त्याला कोणी करदाता म्हणत नाही.
त्याचा खांदा सर्वांत खाली होता.
त्यानंच विचारलं,
"साहेब, पाणी काढलं होतं काय याच्यातलं?"

सकाळी पार्किंगमध्ये भरलं होतं,
गळतो का ते पाहायला.
बूच दुसऱ्यानं उघडलं असेल
असं प्रत्येकाला वाटलं होतं.

उघडलं. पाणी पायरी पायरी उतरत गेलं,
दुसरा मजला, पहिला, तळ,
आणि थेट उईकेच्या खाटेखाली, जिथं त्याची पेटी असते.
तो पेटी उचलायला धावला.
त्याच्या कोपऱ्याला सरांनी एकट्यानं धरलं,
आणि वाद तिथंच राहिला, ओल्या पायरीवर.

वर हेडाऊबाईंनी पन्हं दिलं.
"माझ्या ठेवीच्या व्याजातूनही कापतात बरं," म्हणाल्या,
कोणी विचारलं नव्हतं तरी.
कूलर लावला. गरम वारा आला.
वाळा कोरडा होता.

आता पाणी परत वर न्यायचं.
नळ दुपारनंतर येत नाही, हापसा खाली.
चार बादल्या तरी लागणार.
सारडाजी फोनवर बोलू लागले,
डॉक्टर घड्याळाकडे पाहून राहिले,
सर भिंतीला टेकून.

एक बादली मी उचलली.
सर्वांत कमी दमले होते म्हणून.
हाच नियम असावा असं नाही म्हणत.
पण खाली उतरताना
उईके गुडघ्यावर बसून
जिना पुसत वर येताना दिसला,
आणि मी कडेनं गेले.