बाकी साठ रुपये

रास्ता पेठेत, हॉस्पिटलच्या मागच्या बोळात माझं मशीन.
पाटीवर अजून यांचंच नाव, बोत्रे टेलर्स,
खाली बारीक अक्षरांत: अल्टर तातडीने.
फेब्रुवारीत तिथे ओर्नेल्लाबाई आल्या.
नवरा रांजणगावला कारखान्यात. मुलगा एलिया, सात वर्षांचा,
सोसायटीच्या वॉचमनकडून उचललेल्या मराठीत म्हणाला,
"चिंध्यांचा ड्रेस पायजे. पण भारी."

बाईंनी मोबाइलवर दाखवला तो विदूषक,
आर्लेकिनो, बेर्गामोचा, म्हणजे ह्यांच्याच गावचा.
गोष्ट पोरानं सांगितली, स्टुलावर पाय हलवत:
उत्सवाला सगळ्या मुलांना नवे कपडे, याला काहीच नाही,
मग प्रत्येकानं आपल्या कपड्यातला
एकेक तुकडा कापून दिला.
मी म्हटलं, आणि देणाऱ्यांच्या कपड्यांना भोकं नाही पडली?
त्यानं आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे.
हे तिकडे कुणी विचारलं नसावं.

"नंतर चाळीस दिवस उपासाचे," बाई म्हणाल्या,
"म्हणून आधी खाऊन, नाचून घ्यायचं."
म्हणजे तुमची गटारी, मी म्हटलं,
आणि गटारी समजावताना माझीच भंबेरी उडाली.

खडूनं समभुज चौकोन आखले.
बँडवाल्या युसूफभाईंच्या कोटाचा लाल,
पथकातल्या पोरींच्या फेट्याचा केशरी,
ऑपरेशन थिएटरचा तो उदास हिरवा,
एका मुंजीच्या सोवळ्याचा काठ.
जांभळा नव्हता.
"जांभळा पायजेच." आजोबांच्या पोशाखात होता.
पोशाख तिकडे पेटीत.
आजोबा त्या मार्चमध्ये गेले.
कुठल्या, ते विचारावं लागलं नाही.

माझ्याकडे हँगरवर एक रांग आहे, न नेलेल्यांची.
पावत्या टाचणीनं लावलेल्या.
फोन केले होते. काही बंद लागले,
काही उचलले गेले आणि ते जास्त वाईट.
यांच्या हातची शेवटची शिलाई त्याच रांगेत आहे.
मी धूळ झटकते. कात्री कधी लावली नव्हती.

पावती तीनशे सतरा, वत्सला टिळेकर,
जांभळं ब्लाऊज, बाही कोपरापर्यंत.
पाठीतून काढला. एकच चौकोन.
कात्रीचा आवाज दुकानभर झाला.

मंगळवारी त्यांच्या क्लब हाऊसमध्ये गेले.
कागदाच्या बारीक टिकल्या उधळत होते,
त्यांना ते धन्याचंच नाव देतात;
पूर्वी म्हणे साखरेत घोळवलेले धने फेकत.
स्टीलच्या डब्यात शंकरपाळ्यांसारखं काहीतरी दिलं,
पातळ, लांब, वर पिठीसाखर.
त्याला म्हणतात गप्पा.
खाताना होतातही.
डबा रिकामा कसा परत करायचा,
संक्रांतीचा तिळगूळ उरला होता, तो घातला. कडक झालेला.
एलिया पळत होता. खांद्यावर जांभळा.

श्रावणात एक मुलगी आली.
पावती घडी घालून घालून चिरलेली.
"आईच्या कपाटात सापडली. असेल का हो अजून?"

मी ब्लाऊज काढलं. पाठ तिच्याकडे केली.
काय बोलले आठवत नाही, बरंच बोलले असणार,
मग मोबाइल पुढे केला.
फोटो हललेला. उडी मारताना पोर हवेत,
तोंड उघडं, केसांत कागद.
तिनं दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा,
खांदा दिसेपर्यंत,
शेवटी नुसता जांभळा राहिला स्क्रीनवर.

"कुठे राहतो हा?"
मी म्हटलं, जूनमध्ये गेले ते. बदली झाली.
"म्हणजे हे आता इटलीत."

भोक बुजवून देते म्हटलं, जोडीचं कापड बघते.
नको म्हणाली.
ब्लाऊज पर्समध्ये ठेवलं, पावती वाचली,
अॅडव्हान्स दोनशे, बाकी साठ.
मी नको नको म्हणत होते.
साठ रुपये मोजून मशीनवर ठेवले,
दहाच्या सहा नोटा,
आणि त्या पंख्यानं उडू नयेत म्हणून
त्यांच्यावर माझी कात्री.