सावलीच्या हिशेबानं

मिथिलाताई,
तुमचं पत्र पोचलं. अकरा विद्यार्थी, दीड दिवस,
आणि ‘सोलापुरातल्या पाहण्याजोग्या सगळ्या इमारती’.
तुम्ही एप्रिल लिहिलाय. एप्रिल खोडा.
जमत नसेल तर घड्याळ खोडा,
इथं उन्हाळ्यात वेळापत्रक सावली लावते.

सोबत नकाशा जोडलाय. कागद जुनाच,
नगररचना खात्यात एकतीस वर्षं ट्रेसर होतो,
घरी अजून गुंडाळ्या पडून आहेत, मागून कोऱ्या.
नाकाजवळ धरलात तर अमोनियाचा वास येईल.

सकाळी सहा, भुईकोट.
खंदकाच्या पश्चिम अंगानं चाला,
साडेआठपर्यंत तट सावली पुरवतो.
बुरूज मोजू नका म्हणावं, ते पुस्तकात मिळतील.
दगड बघा.
एखाद्यावर नक्षी सापडेल, डोकं खाली, पाय वर,
कुठल्या तरी आधीच्या भिंतीतून आलेली.
बसवणाऱ्याला चौरस हवा होता,
नर्तकी नको होती.

तिथून तलाव, पाण्यात उभं सिद्धेश्वराचं देऊळ.
नऊनंतर फरशी तापते,
मोठी माणसंसुद्धा टाचांवर नाचत प्रदक्षिणा घालतात.
मुलांना तेही वहीत उतरवू द्या.

मग इंद्रभुवन.
तिथं मी अर्धं आयुष्य मान खाली घालून रेघा ओढल्या,
आणि छत पहिल्यांदा पाहिलं निवृत्तीच्या दिवशी,
हार इतका जाड होता
की मान वरच करावी लागली.
छत चांगलं आहे. बघा.

बारा ते चार काही लिहिलेलं नाही.
त्या वेळी भिंतीकडं कुणी बघत नाही बे.
कडक भाकरी, शेंगाचटणी, दही,
आणि पंख्याखाली आडवं व्हा.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मी पूर्व भागाला दिलीय.
तुमच्या यादीत तो नाही. नसतोच.
राजमौळी गड्डम यांचं घर:
खाली चार माग, वर सहा माणसं,
मधे एक स्लॅब, तो दिवसभर थरथरतो.
चहा देतील. कपातल्या वर्तुळांकडं बघा.
दार एवढं रुंद का, विचारा,
ते सांगतील, घरात सून यायच्या आधी माग यायचा होता.
त्यांच्या नातवाला खडखडाटात झोप लागते,
वीज गेली की दचकून उठतो.
चाळीस वर्षं थरथरत उभ्या राहिलेल्या घराचं गणित
मुलांना नागपूरला नेऊन सोडवू द्या.

आता एक राहिलं.
पहिल्या दिवशीचे साडेपाच.
तिथं मी एक नाव लिहिलं होतं, मग खरवडलं.
शाईची चूक आम्ही दाढीच्या ब्लेडनं काढायचो;
रेघ जाते, कागद पातळ होतो,
उजेडात धरलात तर तेवढ्याच जागी
जरा जास्त उजेड दिसेल.

गिरणीची चिमणी होती.
त्या जागेचे प्लॉट मीच आखले.
नकाशात ती म्हणजे एक वर्तुळ, रुपयाएवढं,
खरवडायला चार मिनिटं लागली.
साहेब म्हणाले, हात साफ आहे तुझा.

तर साडेपाचला त्या चौकात थांबायचं.
बघायला काही नाही.
या वेळी तिची सावली रस्ता ओलांडून
बसवंत हत्तुरेच्या पानपट्टीपर्यंत यायची,
माणसं त्या पट्ट्यात एकामागं एक उभी राहून
बसची वाट बघायची.
बसवंत अजून स्टूल तिथंच मांडतो,
भर उन्हात.
मुलं विचारतील, का.
त्याला विचारू नका, मला विचारा.

टोप्या आणा. पाणी इथं भरू.
रिक्षा चार सांगितल्यात, तीन-तीन जण,
तुम्ही धरून बारा.
तेरावा मी,
चालकाच्या शेजारी बसेन.