अक्षराखाली बोट

विट्याच्या शाळेनं फ्लेक्सवर माझं आडनाव चुकवलंय.
कुलथेचं कुलते झालंय,
आणि त्याखाली, ‘सुप्रसिद्ध बालसाहित्यिका’.
बाल नाही हो, कुमार, मी दरवर्षी कुठं ना कुठं सांगते,
तेरा ते अठरा, ज्यांना बाळ म्हटलं की राग येतो
आणि मोठं म्हटलं की कामाला लावतात.
मुख्याध्यापक हसतात. नारळ देतात.

पिशवीत तीस प्रती, सुटे पैसे,
निळं पेन, ते बंद पडलं तर दुसरं निळं पेन,
आणि एक वही.
कुणाला काय वाचायला सांगायचं, ते वहीत आहे:
गणितात नापास झालेल्याला एक,
मैत्रीण दुसऱ्या बाकावर जाऊन बसली तर एक,
घरात भांडण चालू असताना माळ्यावर वाचायचं एक, जाडजूड,
भांडण संपेपर्यंत पुरेल असं.
अकरा वर्षांत वही रेशनकार्डासारखी घडीवर फाटत आलीय.
डॉक्टर गोळ्या लिहून देतो तशी मी नावं लिहून देते.
गुण आला का, ते सांगायला कुणी परत येत नाही.

प्रश्न नेहमीचेच.
कल्पना कुठून सुचते, पैसे किती मिळतात,
तुमच्या गोष्टीतला मल्हार खरा आहे का,
असला तर नंबर द्या.
खिदळणं. मागून एक शिट्टी, आणि पीटीच्या सरांचा डोळा.

हॉल रिकामा होताना
सतरंजीचं एक टोक धरून ती थांबली होती.
तेजल देवकर, आठवी ब.
वडिलांचं गलाईचं दुकान, सेलमला.
तिथंच वाढली, तमिळ शाळेत. यंदा काकांकडे आणून ठेवलीय.
‘मॅडम, मला मराठी वाचता येतं. पण हळू. बोट ठेवून.’
आणि बोट दाखवलं, पुराव्यासारखं.
‘सोपं मागितलं की ग्रंथालयाच्या बाई सशाचं पुस्तक देतात.
मला ससा नको.
मला चौदावं चालूय.
माझ्या वयाचं, पण हळू चालणारं एखादं सांगा.’

मी वही उघडली.
पान उलटलं. आणखी एक उलटलं.
ती उभी होती, घाई न करता,
मुशीत सोनं वितळेपर्यंत थांबायचं असतं
हे लहानपणापासून पाहिल्यासारखी.
‘कळवते,’ मी म्हणाले.
हा शब्द मी प्रकाशकांकडून शिकलेय.

सात प्रती खपल्या. आठवीवर चहा सांडला, ती मीच घेतली.
पाकिटाबरोबर अर्धा किलो बेदाणा मिळाला.

सांगलीच्या गाडीत
ती डाग पडलेली प्रत काढली
आणि माझ्याच पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.
क्षि. ति. जा. व. री. ल.
पुढं ‘किंकर्तव्यविमूढ’.
तेरा वर्षांच्या पोराच्या तोंडी घातलाय मी हा शब्द!
परीक्षकांना फार आवडला होता.
‘स्तब्धते’ला तर बोट घसरून खालच्या ओळीत गेलं,
रस्ता खराब होता
असं मी रस्त्याला म्हणून घेतलं.
मग पान चौदा:
आई आली. दार उघडंच होतं.
इथं बोट थांबलं ते अडखळून नाही.
चार वर्षांपूर्वी लिहिलेलं ते दार
मी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

तासगावला एक बाई चढल्या, रिकामी पाटी मांडीवर घेऊन
शेजारी बसल्या, बराच वेळ माझ्या बोटाकडं बघत राहिल्या.
‘वाचायला शिकताय व्हय?’
मी वर बघितलं.
‘ह्या वयात? लई चांगलं केलासा.
आमची सून बी म्हणती, या आत्या, बसा माझ्याजवळ.
मलाच लाज वाटती.’

माझं नाव मुखपृष्ठावर होतं, फोटो मागं.
प्रत तशीच मांडीवर पालथी धरली असती तरी चाललं असतं.
‘व्हय,’ मी म्हणाले, ‘आजच सुरुवात केलीय.’
बेदाण्याची पुडी सोडून दोघींच्या मध्ये ठेवली.
त्यांनी चार दाणे उचलले, एक तोंडात टाकला.
‘मग मोठ्यानं वाचा की.
कुणी हसत न्हाई.’