पेन्सिलीएवढी धार

एकवीस वर्षं मी या शहराच्या तळघरांत उतरतोय.
वरची घरं मला फारशी ठाऊक नाहीत.
कोणत्या जिन्याची खालून तिसरी पायरी सैल,
कुठे बॉयलरमागे मांजर व्यालेली असते,
कुणाच्या खिळ्याला स्केट्स टांगलेत,
आता घरात कुणाच्याच पायाला न होणारे,
एवढं सांगू शकेन.

मीटर कायम सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात.
गुडघा टेकायचा, अंगठ्यानं काच पुसायची,
आकडा वहीत,
आणि शेजारच्या तुळईवर पेन्सिलीनं तोच आकडा,
तारीख, माझा एक 'डी'.
नियमात नव्हतं. लिहीत गेलो.

मग नवे मीटर आले, करडे, मुठीएवढे.
आपला आकडा ते आपणच पाठवतात, दर तासाला,
बर्फ असो, कुत्रं असो, घरात कुणी नसो.
बसवायचं काम मलाच दिलं.
एक जुना काढायचा, एक नवा आवळायचा,
आणि त्या घरी पुन्हा जायचं नाही.

ऑफिसात जोझेट पडद्यावर शहर दाखवते,
घर म्हणजे ठिपका.
सुपीरियर सरोवराचा काठ, मग टेकडी, ठिपकेच ठिपके.
पहाटे तीनला बहुतेक विझलेले.
"जो जागा राहतो," ती म्हणते, "तिथं पाणी मुरतंय."

फेब्रुवारीत एक विझेना.
ताशी ऐंशी लिटर. रात्री ऐंशी, दुपारी ऐंशी,
रविवारी चर्चच्या वेळेलाही ऐंशी.

हिल्का रिन्ने, वय अठ्ठ्याऐंशी, टेकडीवरचं पिवळं घर.
वेलदोड्याचा पाव नुकताच भट्टीतून काढलेला,
आणि सिंकमध्ये नळ चालू.

"गळतंय," मी म्हणालो.
"गळत कुठंय? मी चालू ठेवलाय.
तुम्हीच सांगितलंत."

फ्रिजवर, चुंबकाखाली, नगरपालिकेचं पत्र:
रस्त्याखालचे पाईप गोठत आहेत.
थंड पाण्याची धार पेन्सिलीएवढी,
रात्रंदिवस चालू ठेवावी.
जादा आकार पडणार नाही.
पुढील सूचना मिळेपर्यंत.

सात हिवाळे. मधले सहा उन्हाळे.
पुढील सूचना कुणी पाठवलीच नव्हती.

"एकदा फोन केला होता मी. जुलै होता, लाज वाटली.
एक दाबा म्हणाले, मग चार दाबा,
मग व्हायोलिन लागलं. छान होतं.
संपेपर्यंत ऐकलं."

खाली गेलो. सॉनाच्या दाराशी तुळई,
तुळईवर मी.
दर तीन महिन्यांनी, सरळ रांगेत, सुवाच्य.
एका मार्चपासून आकडे लांब उड्या मारायला लागलेले,
माझ्याच अक्षरात, माझ्याच नाकासमोर.
मी आकडे लिहीत होतो.
वजाबाकी माझ्या कामात नव्हती.
ऑफिसनंही तिला त्या हिवाळ्यात सरासरी बिलाच्या यादीत घातलं
आणि यादी कपाटात.
थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात.
आमच्याकडे तळं आधीपासून होतं,
समुद्राएवढं. कदाचित म्हणून
कुणाला काही वाटलं नाही.

वर आलो. "बंद करा आता," म्हणालो.
"ही सूचना का?"
"हो."
"मग लिहून द्या."

त्याच पत्राच्या पाठीवर लिहिलं, पेन्सिलीनं:
नळ बंद करावा. तारीख. डी.
तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं,
चुंबकाखाली परत लावलं, आता ही बाजू वर,
आणि नळ फिरवला.

फ्रिज ऐकू यायला लागला. मग घड्याळ.
मग बाहेर कुणाचं तरी फावडं, बर्फात.
ती सिंकचा काठ धरून उभी राहिली.
"अगं बाई," म्हणाली, "एवढं मोठं आहे होय हे घर."

मी एक पाव खाल्ला. दुसरा कागदात बांधून दिला तिनं.

परवा सकाळी जोझेटनं खुर्ची वळवली.
"डॅरिल, तुझी ती टेकडीवरची.
काल रात्री दोन ते अडीच, पुन्हा धार.
मग बंद. जाऊन येतोस?"

पडद्यावर ठिपका विझलेला होता, इतरांसारखाच.
"नको," मी म्हणालो. "पाईप ठीक आहे.
झोप लागली नसेल."