डावीकडून शिट्टी

पहिल्यांदा मोडलं लौतोकात, मितीएलीच्या खांद्याने.
त्याने माफी मागितली, मी कापूस कोंबला
आणि परत स्क्रममध्ये शिरलो.
दुसऱ्यांदा कोपर कुणाचं होतं, आठवत नाही.
आवाज आठवतो, ओल्या काटकीचा.

सुवाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
दोन आठवड्यांत यायचं असतं, सूज उतरली की.
तुम्ही आलात चार वर्षांनी.
पडदाच वाकलाय आतला. करू सरळ,
पण आधी सांगा, खेळ सोडताय?
नाहीतर मी बसवायचं
आणि शनिवारी कुणीतरी मोडायचं.

मी हसलो. झोपतोही तोंड उघडं टाकून.

काल लेक मांडीवर दिली, सहा दिवसांची मेरेसेइनी.
आमच्यात पापा घेत नाहीत, हुंगतात:
गालाला नाक लावून एक लांब श्वास, आत.
आत्याने हुंगलं.
‘खोबरेल,’ म्हणाली डोळे मिटून, ‘आणि दूध.’
मग मी नाक टेकवलं.
उजवीकडे भिंत.
डावीकडून बारीक शिट्टी.
वास काहीच नाही.
पोर मात्र दचकली.

बूट दारातच आहेत, सिगातोकाच्या वाळूने भरलेले.
शनिवारी अंतिम सामना.
टेपच्या गुंडाळीत बायकोने
एक चिठ्ठी खोचलीय. नुसता नंबर,
सुवाचा.