पान एकेचाळीस

अहवालात पान एकेचाळीसवर एक चौकट असते:
‘शिकलेले धडे’.
अडीचशे अक्षरं मावतात, मोकळ्या जागा धरून.

खोरोगहून दर्शोदला पोचायला सात तास लागले,
त्यातले दोन दरड उपसण्यात.
नऊ वर्षांपूर्वी ह्याच रस्त्याने टाकी आली होती,
आठशे लिटरची, आरशासारखी;
नदीपलीकडच्या अफगाण गावातली पोरंसुद्धा
काठावर येऊन बघत उभी होती म्हणे.
प्रस्ताव मी लिहिला होता.
‘दूध शीतकरण केंद्र’ हे शब्द माझे,
‘अकरा लाभार्थी कुटुंबं’ हेही माझेच.

टाकीत आता जर्दाळू आहेत.
सावसनने झाकण उचललं तेव्हा
गोड, आंबूस, गेल्या उन्हाळ्याचा वास आला.
“उंदीर शिरत नाहीत,” ती म्हणाली,
“चांगली वस्तू दिलीत.”
ती हसत नव्हती.

मी वही उघडली.
वीज?
हिवाळ्यात दिव्यापुरती.
ट्रक?
नोव्हेंबरात रस्ता मिटला की ट्रक एप्रिलात.
गायींना हे कोणी कळवलं नव्हतं.
पैसे?
घरधन्याच्या खात्यावर.
घरधनी मॉस्कोत, विटा वाहत.

हे सगळं मला ठाऊक होतं.
खरं सांगायचं तर तेव्हाही, थोडंफार.

ठाऊक नव्हती ती काठी.
वाळुंजाची, हातभर, दाराच्या फटीत खोचलेली.
अकरा घरांचं दूध रोज एकाच घरी जातं,
आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे,
वार लावल्यासारखं.
बादलीत काठी बुडवायची,
जिथवर ओली होईल तिथे नखाने खूण.
एका घरच्या दुधातून हिवाळ्यापुरतं लोणी निघत नाही,
अकरांच्या निघतं.
नेकबख्तकडे एकच शेळी, वाटीभर दूध.
तिची खूण सगळ्यांत खाली.
पण उशिरा का होईना, तिचाही वार यायचा
आणि त्या संध्याकाळी
भरलेल्या बादल्या तिच्या दारात.

टाकीने वाटी घेतली नाही.
किमान दोन लिटर, असा नियम होता.
तोही माझाच.

आमच्याकडे बेत फसला की म्हणतात, विरजण पडलं.
इथे दोन हिवाळे विरजणच पडलं नाही;
दूध टाकीत, आणि लोण्याची मडकी कोरडी.

झर्बेगीमला मोज्यांच्या धंद्यासाठी कर्ज दिलं होतं.
याकच्या लोकरीचे मोजे, टाचेवर लाल नक्षी.
पाहुणे तीन महिने आले,
हप्ते बारा महिने आले.
शेवटचे चार तिने गाय विकून फेडले.
आमच्या तक्त्यात ती ‘शंभर टक्के परतफेड’ आहे.
काठीवर ती आता नेकबख्तच्या शेजारी आहे,
नखभर वर.

मी विचारलं, काय करायला हवं होतं आम्ही?
सावसनने चहाचा वाडगा पुढे सरकवला,
खारट, दुधाळ, वर लोण्याचा तवंग.
भाकरीचा तुकडा त्यात बुडवून दाखवला,
असा खातात.
मग बऱ्याच वेळाने म्हणाली,
“आलात त्या संध्याकाळी विचारायचं होतं,
आज कोणाचा वार?”

“आज कोणाचा?”

“नेकबख्तचा.
लोणी तिनेच पाठवलंय. पाहुणा आलाय म्हणून.”

रात्री चौकट उघडून बसलो.
‘स्थानिक व्यवस्थांचा पूर्वअभ्यास आवश्यक.’
हे मी ह्याआधी तीन देशांत लिहिलंय.
खोडलं.
‘वाटी’ एवढाच शब्द लिहिला
आणि बाकीची जागा तशीच सोडली.
मुख्यालयातून कोणीतरी विचारेल, हे काय.

बाहेर अंधारात
कोणीतरी राखेने बादली घासत होतं.